इतिवृत्तातलं एक वाक्य

कार्यालयात तिला सगळे मुंगीबाई म्हणत. भरभर लिहायची आणि कुणाला चाहूल लागू द्यायची नाही. सल्लागार परिषदेची लघुलेखिका म्हणून तिची बावीस वर्षं झाली होती. परिषद म्हणजे रस्ते, धरणं, जंगलं यांबद्दल सरकारला स्वतंत्र मत देणारी नऊ जाणकार माणसं. त्यांचं मत सरकारवर बंधनकारक नव्हतं. पण ते छापून जाहीर व्हायचं, मग कानाडोळा करणं जड जायचं.

एका बैठकीत डोंगरातून जाणाऱ्या बोगद्याचा विषय होता. भूगर्भतज्ज्ञ बाई म्हणाल्या, “पूर्वेचा उतार ठिसूळ आहे. तिथे सुरुंग लावले तर खालची वस्ती गाडली जाईल.” मुंगीबाईने ते जसंच्या तसं टिपलं.

दुसऱ्या दिवशी परिषदेच्या सचिवांनी तिला बोलावून दार लावून घेतलं.

“ते वाक्य काढा. ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढं पुरे.”

“पण साहेब, बाई तसंच बोलल्या होत्या.”

“तुमचे मिस्टर आपल्याच खात्यात कंत्राटी ड्रायव्हर आहेत ना?” त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं.

घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

“मला विचारू नकोस,” तो म्हणाला. “मी काढच म्हणेन.”

तिने वाक्य काढलं. कागद सचिवांना दाखवला, सही झाली.

पुढच्या बैठकीत नेहमीप्रमाणे मागचं इतिवृत्त तिनेच वाचायचं होतं. बोगद्यापाशी येताच ती थांबली. समोर भूगर्भतज्ज्ञ बाई चष्मा पुसत वाट बघत होत्या. सचिव पेन टेबलावर आपटत होते. तिने कागद खाली ठेवला, टिपणवही उघडली आणि ते वाक्य वहीतून वाचलं.

“शब्द न शब्द बरोबर,” बाई म्हणाल्या. “कागदावर नाहीये का ते?”

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. “घालून घ्या.”

परिषदेने बोगद्याची जागा बदलायचा सल्ला दिला. सरकारने दोन महिने कुरकुर करून तो मानला. नवऱ्याचं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. तो आता खासगी गाडी चालवतो. तिची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. जिन्यावर बुटांचा आवाज आला की अजून ती हातातलं काम थांबवून दाराकडे बघते.

पूर्वेच्या उतारावर सुरुंग लागलेच नाहीत, डोंगर जागचा हललेला नाही. बाईंचं खरं होतं की नाही, हे त्यामुळे कुणालाच सांगता येत नाही.