नंबरावरचा लाल ठिपका

खंडेनवमीच्या सकाळी बाबांनी विचारलं, "झालं का?" मी म्हणाले, "झालं." झालं नव्हतं.

बाबा बंदुकांवर सोन्याचा मुलामा चढवत. खासगी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. नळीला गंज धरू नये म्हणून काळा-निळा रंग द्यायचा, चापाला आणि कडेच्या नक्षीला सोनं द्यायचं. आमचे पूर्वज दक्षिणेतून तलवार घेऊन इकडे आले. बाबा म्हणत, "ते हत्यार चालवत, आपण नटवतो. एवढाच फरक." गिऱ्हाईक बहुतेक भिंड-मुरैन्याकडचं. त्यांच्या घरी बंदूक लग्नात मिरवतात आणि दसऱ्याला पुजतात.

पोलादावर सोनं थेट धरत नाही. मध्ये तांब्याचा पातळ थर लागतो, आणि त्याच्याही आधी पोलाद चाकावर घासून लख्ख करावं लागतं. भीती या घासण्याची असते. प्रत्येक बंदुकीवर नंबर कोरलेला असतो, आणि तोच मालकाच्या लायसन्सवर असतो. निवडणुकीच्या आधी बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा मुंशी आधी नंबर बघतो, मग माणसाचं तोंड. नंबर गेला की बंदूक कुणाचीच राहत नाही, आणि ज्याच्या हातून गेला त्याच्यावर गुन्हा.

म्हणून आमच्याकडे रीत होती. बंदूक आली की मी नंबर मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दसऱ्याची कामं उरकली की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आकडे त्यांना दिसत नसत, पण लाल रंग दिसे. ठिपका जवळ आला की ते चाकावरून बंदूक वळवून घेत. आमच्या घरात नेलपॉलिश नखांना कुणीच कधी लावलं नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, आणि आमच्याकडे त्याच पाटावर पुस्तकंही ठेवतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत हत्यार उचलायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही. लहानपणापासून बाबा मला सांगत, "तुझंही हत्यार मांड," आणि मी ती बाटली पाटावर मांडत असे. मी आता कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, तरी ते चुकलं नव्हतं. त्या सकाळी मी घाई केली. बाबांचं चाक तेवढं दुपारच्या पूजेपर्यंत चालणार होतं. बाकीची हत्यारं मी लवकरच मांडली, बाटलीलाही कुंकू लावलं, आणि हातातली कादंबरी पाटावर जाण्याआधी संपवावी म्हणून दारापाशी बसले. थोडीच पानं उरली होती.

तेवढ्यात ठाकूरसाहेब आले. मुरैन्याकडचे, बाबांच्याच वयाचे, दर दसऱ्याला येणारे. त्यांच्या वडिलांच्या दुनळीच्या कडेला कोरलेल्या हरणावरचं सोनं उडालं होतं.

"भाऊ साहब, कल पूजा है. हिरन को थोड़ा सोना पिला दो."

"साल भर कहाँ थे? हिरन आज ही भूखा हुआ?"

"बंदूक तो पूरी सोने की कर दो. चलाई तो अब हमसे जाती नहीं."

"हमसे दिखती नहीं, आपसे चलती नहीं. अच्छी जोड़ी है."

दोघेही हसले. बाबांनी मला हाक मारली. मी उठले, नंबर वाचला. तो चापाच्या वर होता, वर्षानुवर्षांच्या हाताळणीनं उथळ झालेला. बाटली पाटावर होती. कुंकू लागलेली वस्तू उचलायची म्हणजे आधी बाबांना सांगायचं, मग क्षमा मागून उचलायची, मग पुन्हा मांडायची. काम हरणाचं आहे, नंबर त्याच्यापासून लांब आहे, असं मी मनाशी म्हटलं.

"झालं का?"

"झालं."

मी परत दारापाशी बसले. ठाकूरसाहेब म्हणाले, "भाऊ साहब, घोड़े के ऊपर भी जंग का दाग है, उसे भी हाथ मार दो." घोडा म्हणजे चाप. हे मी ऐकलं. पान उलटलं.

चाक थांबलं तेव्हा बाबा अंगठा पोलादावरून फिरवत होते. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "बेटा, नंबर वाच."

पहिले आकडे होते. शेवटचे दोन नव्हते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं. लाल बाटली त्यांना तिथून नक्की दिसली असणार.

ठाकूरसाहेबांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी लगेच तोड काढली. "अरे तो दो अंक ठोक दो. आपके पास ठप्पे हैं, हमारे पास लायसेंस है, देखकर ठोक दो. किसको पता चलेगा?"

"मिटाया मैंने है," बाबा म्हणाले, "लिखूँगा नहीं."

त्यांनी सदरा बदलला, दुनळी कापडात गुंडाळली आणि ठाकूरसाहेबांना घेऊन रिक्षानं ठाण्यात गेले. दुपारची पूजा आईनं केली. मी पुस्तक पाटावर ठेवलं.

संध्याकाळी बाबा एकटे आले. बंदूक जमा झाली होती. त्यांनी जबाब दिला होता: दृष्टी कमी झाली आहे, ठिपका द्यायला मी विसरलो, चूक माझी. कारखान्याचा परवाना चौकशीपर्यंत थांबवला गेला. त्यानंतर ते चौकशीच्या तारखेला जात, बाड्याच्या चौकापर्यंत पायी, पुढे टेंपोनं, आणि परत येऊन बंद कारखान्यात बसत. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलंच नाही. म्हणत, "आता काय बारीक बघायचं आहे?" गल्लीत लोक म्हणू लागले की म्हातारा नंबर घासून देत होता, कुणास ठाऊक किती दिवस. आईनं हे ऐकलं आणि भाजीला जाणं बंद केलं.

मी एकदाच प्रयत्न केला. ते खुर्चीत बसले होते. मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी मी…"

"पुस्तक संपलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग वाच की. दसरा होऊन गेला." आणि त्यांनी चहा मागितला.

मला वाटलं, पुढच्या तारखेला मी त्यांच्याबरोबर जाईन आणि सगळं सांगेन. पुढच्या तारखेला मला रजा मिळत नव्हती. त्याच्या पुढच्या तारखेला ताप होता. मी अशी कारणं शोधली, आणि ती मिळत गेली. माघात बाबा गेले. सुतक फिटल्यावर मी ठाण्यात गेले, अर्ज लिहून नेला होता. मुंशीनं तो वाचला, चांगल्या मनानं वाचला, आणि परत माझ्या हातात दिला.

"मैडम, जिनका मामला था, वो रहे नहीं. फाइल बंद हो गई. अब आपकी गलती किस फाइल में लगाऊँ?"

"उनका बयान बदल सकते हैं?"

"बयान उनका है. वही बदल सकते थे."

ठाकूरसाहेब तेराव्याला आले होते. आईसमोर हात जोडून म्हणाले, "दो अंक ठोक देते तो आज होते." मी आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाही.

कारखान्याचं शटर बंद आहे. बाटलीतला रंग सुकला आहे. बंदूक पोलिसांच्या मालखान्यात आहे. ठाण्यातल्या कागदावर चूक बाबांची आहे आणि खाली त्यांची सही आहे.