बदललेला स्कार्फ
आज उन्हात निघताना तोंडाला स्कार्फ बांधला आणि जळगावचं ते थेटर आठवलं. कॉलेजात असताना मी आणि माझी मैत्रीण पिंप्राळ्यात खोली घेऊन राहायचो; ती धुळ्याकडच्या एका खेड्यातली. एका जुन्या, मरणात संपणाऱ्या प्रेमकथेवरचा नवा सिनेमा लागला होता. त्यातली नायिका बुलेट चालवायची, बापाला तोंडावर नाही म्हणायची. "एवढं सगळं बदललंय, तर शेवटही बदलला असेल ना गं?" म्हणत मैत्रीण हसली. कुणी ओळखू नये म्हणून तिने माझ्याशी स्कार्फ बदलला आणि मागे तिच्या मित्राजवळ जाऊन बसली. इंटरव्हल संपता संपता तिचा थोरला भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. पडद्याकडे बघतच हळू म्हणाला, "पिक्चर सरना म्हंजे मुकाट्यानं चाल. आबा वाट दखी राह्यनात." तिचा स्कार्फ बघून तो मला तीच समजतोय असं वाटलं, म्हणून मी तो नाकावर आणखी वर ओढला. शेवट जुनाच निघाला, दोघंही मेली. दिवे लागले तेव्हा मागच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी स्कार्फ तसाच ठेवून त्याच्या मोटारसायकलवर बसले. पिंप्राळ्याच्या वळणावर त्याने गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाला, "उतर. तू मनी बहीण नही, हाई माले तवयच समजनं. तिले सांग, गावले येऊ नको. पुढला टाइमले मी एकटा येवाव नही." अजूनही धुळ्याकडचं कुणी भेटलं की सहज विचारल्यासारखं तिच्याबद्दल विचारतं. ती कुठे असते ते मला माहीत नाही, असं मी आजही सांगते.