सहावा आकडा

आमच्या धाकट्या भावाची नोकरी जाऊन दीड वर्ष झालं होतं. सध्या काय करतो, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत व्हायची. माहिती साठवायचं एक सॉफ्टवेअर आहे, जगभरातले लोक मिळून ते फुकट बनवतात, कुणीही वापरावं म्हणून. त्यात हा मजकुरावर एकेक काम करणारे छोटे तुकडे, म्हणजे नवी फंक्शनं, लिहून घालायचा. मी शिलाई मशीनवर, तो समोर खिडकीशी. नसते उद्योग, असं मी रोज त्याला ऐकवायचे.

त्याचं पहिलं फंक्शन अगदी साधं होतं. आकडा छोटा असेल तर डावीकडे शून्यं लावून ठरलेल्या लांबीचा करायचा. याचं काम तपासणाऱ्याने विचारलंही होतं, आधीच लांब असेल तर? याने सांगितलं, जादाचं कापायचं. ते मान्य झालं, पण वापरणाऱ्यांसाठीच्या माहितीत ते एक वाक्य घालायचं हा विसरला. मी कपडा जास्त निघाला तर गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. पण हे शहाणपण मला नंतर सुचलं.

एका बुधवारी त्याला मेल आली, रक्त तपासणाऱ्या लॅबमधल्या एका बाईंची. ओळख ना पाळख. त्यांच्याकडे हेच सॉफ्टवेअर होतं आणि पेशंटचे नंबर पाच आकडी होते. ते लाखावर गेले आणि याच्या फंक्शनने शेवटचा, सहावा आकडा गुपचूप कापला. दहा-दहा पेशंट एकाच नंबरावर आले. एका म्हाताऱ्या बाईंना दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट मिळाला, भलतंच औषध पोटात गेलं आणि त्या दगावल्या. ठपका आला लॅबवाल्या बाईंवर, कारण बाटल्यांवर चिठ्ठ्या त्यांनी चिकटवल्या होत्या. सोमवारी चौकशी होती. आकडा फंक्शनने कापला आणि तसं होतं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, एवढं सही करून द्या, इतकंच त्यांचं मागणं.

धाकट्याने तिथल्या तिथे पत्र लिहिलं. मी आडवी आले. पुढच्या बुधवारी त्याची मुलाखत होती, आणि कंपनीने बोलावलं होतं ते याच फंक्शनांच्या जोरावर. हे पत्र बाहेर फुटलं म्हणजे? हातातोंडाशी आलेला घास जायचा.

"चौकशी काय एका दिवसात संपते? मुलाखत होऊ दे, मग पाठव," मी म्हणाले.

"ताई, त्यांनी सोमवार म्हटलंय."

"आणि मी बुधवार म्हणतेय."

त्याने पत्र न पाठवता ठेवून दिलं. दीड वर्ष माझ्या घरात जेवत होता, माझं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. रविवारी, सोमवारी तो धड जेवला नाही. मी म्हटलं, मुलाखतीची धास्ती असेल. स्वतःला किती सहज फसवता येतं!

बुधवारी नोकरी मिळाली. घरात आल्या आल्या, बूटही न काढता, त्याने पत्र पाठवलं. उत्तर सकाळी आलं. त्याने फोन माझ्या हातात दिला.

"तूच वाच."

बाईंनी आभार मानले होते. सोमवारीच त्यांना कामावरून काढलं होतं. पुढे लिहिलं होतं, "आता हे पत्र त्या गेलेल्या बाईंच्या मुलाला दाखवेन. तो मला रस्त्यात अडवून विचारतो, माझ्या आईचं असं का केलंत."

मला माझी इतकी शरम कधी वाटली नव्हती. धाकटा माझ्यावर चिडलाही नाही. उत्तर मीच लिहायला बसले. "माझ्या भावाने पत्र त्याच दिवशी लिहिलं होतं. मी ते अडवून ठेवलं." पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढंच पाठवलं. तिकडून अजून काही आलेलं नाही.