मॅटॅडोरच्या टाकीतलं पाणी

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि नाही. त्याविरुद्ध मी पत्रकं लिहिलीत, निपाणीच्या भिंतींवर खळ लावून चिकटवलीत, आणि त्यापायी मारही खाल्लाय. असल्या अनुभवांच्या या सदरात माझा मजकूर बघून आमचेच कार्यकर्ते शिव्या घालतील. घालू देत.

ऐंशी साल उलटलं होतं. आम्ही चार पोरं गावोगाव फिरायचो ती एकाच मागणीसाठी — सार्वजनिक विहीर सगळ्यांना खुली करा. कायदा होऊन जमाना झाला, तरी आमच्या वस्त्यांतल्या बायका लांब घागर ठेवून ताटकळायच्या, कुणी वरून ओतेल म्हणून! पत्रकं आम्ही मराठी आणि कन्नड दोन्हीत काढायचो, कारण हा अन्याय दोन्ही भाषांत चालतो. पण सभेला गेलो की आम्हालाही चहा वेगळ्या कपात आणि पाणी वरून ओंजळीत. ते प्यायचं आणि त्याच गावात समतेवर भाषण ठोकायचं? मला ते जमेना.

म्हणून गाडी. शहापूरचा माझा मित्र मोहन — घरचे माग, पण याचा जीव इंजिनात. त्याच्या काकांची, साड्यांचे गठ्ठे वाहून थकलेली मॅटॅडोर पडून होती. ती आम्ही मागून घेतली आणि आत संसार थाटला. झोपायला फळ्यांची बाकडी, खाली धान्याचे डबे, रॉकेलचा स्टोव्ह, ट्यूब आणि लाउडस्पीकरसाठी दुसरी बॅटरी. टपावर पत्र्याची टाकी, आत पितळी तोटी, आणि मागच्या दाराशी पाणी किती उरलंय ते दिसावं म्हणून एक पारदर्शक नळी. टाकी भरायची ती निपाणीत, आमच्या गल्लीतल्या नळावर. इतर कुठंही नाही. दारावर मी लाल रंगात लिहिलं — ‘पाणी आमचं, चूल आमची. जाब तुमचा!’

पहिला मोठा मुक्काम आमच्या मूळ गावी. पी.बी. रोडवरून, म्हणजे पुणे-बेंगलोर हायवेवरून आत, माळावरचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जन्मायच्या आधीच आमचं घर तिथून उठून निपाणीला तंबाखूच्या वखारीच्या कामाला आलं होतं. मोहन आणि मी दोघंच गेलो. विहीर खुली होईपर्यंत गाडी हलणार नाही, असं लाउडस्पीकरवरून जाहीर केलं.

गावचे पुढारी तात्या शांतपणे आले. भांडले नाहीत. टपाकडं बघून म्हणाले, “टाकी केवढी रं तुमची?”

“पुरेल तेवढी,” मी म्हटलं.

“दोन-तीन दीस पुरंल. मग जाशीला. तवर त्या कट्ट्यापाशी लावा गाडी, कुणाच्या वाटंत यायची न्हाय.”

सगळा खेळ त्या टाकीवर होता, हे त्या माणसानं एका नजरेत ओळखलं. पाणी संपलं की आम्ही जाणार, आणि गावचं पाणी घेतलं तर हरणार.

आम्ही काटकसर केली. तरी तिसऱ्या दिवशी नळी तळाला आली. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर... नळी अर्ध्यावर!

“नळीत हवा धरली असंल,” मोहन म्हणाला. टपावर चढला, झाकण काढून काठी बुडवली. काठी अर्धी ओली. खाली बघून म्हणाला, “मर्दा, टाकी गळतीया हे लई बघितलंय. भरतीया हे आजच बघतोय.”

मला नवल नाही, संताप आला. कुणीतरी चोरून दया करत होतं! आमच्या वस्तीतल्या कुणी ओतलं असलं तरी ते पाणी त्याच विहिरीचं, वरून ओतलेलं. तात्याला कळलं तर तो गावभर सांगणार — आमचंच पाणी पितात आणि आम्हालाच जाब विचारतात. मी झाकणाला कुलूप घातलं, वरून आमचीच पत्रकं चारही कडांना खळीनं चिकटवली. पत्रक फाडल्याशिवाय झाकण उघडणार नाही. शिवाय आम्ही टाकीखालीच झोपायचो. टपावर मांजर चढलं तरी गाडी हलायची.

दुसऱ्या दिवशी पत्रकं जशीच्या तशी. नळी काठोकाठ.

पाणी थोडं मचूळ लागत होतं, मागून गोडसर. मोहन म्हणाला, पत्र्याचा गंज. मला पटलं नाही, पण दुसरं काही सुचेना. अन् मग मी ठरवलं — गावासमोर तोटी सोडायची, सगळं पाणी ओतून द्यायचं आणि गाडी घेऊन जायचं. हरलो तरी चालेल, खोटं नको.

त्याच दुपारी माझी थोरली बहीण आली. आक्का. वखारीला सुट्टी होती, म्हणून भाकऱ्या बांधून एस.टी.नं आलेली. तिचं लहानपण याच गावात गेलेलं.

“तोंड का पाडलंयस?” ती म्हणाली. “आधी पाणी दे. उन्हानं जीव चाललाय.”

मी तोटी सोडली. आक्का खाली बसली आणि सवयीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला.

“हे कुठनं भरलंस?”

“निपाणीत.”

“नळाचं न्हाय हे. हे जुन्या विहिरीचं हाय.”

“कुठल्या विहिरीचं?”

तिनं ओल्या हातानं गाडीशेजारचा दगडी कट्टा दाखवला. “हितल्या. आपल्या बाबानं हितं पाणी मागितलं, तर गावानं दगडं घालून बुजिवली. आमास्नी द्याला नगं, मग कुणालाच नगं! वर कट्टा बांधला. मी शेवटचं प्याले तवा एवढीशी होते. असंच, ओंजळीत.”

मी म्हटलं, “आक्का, काहीतरी बोलू नकोस. मी हे पाणी ओतून देणार आहे. आपण कुणाच्या दारचं घेत नाही.”

“कुणाच्या दारचं?” ती उसळली. “दार तुझं, तोटी तुझी. वतून बघ, मग दावते!” मग हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, “पेला हाय का न्हाय तुझ्या गाडीत?”

मी पेला दिला. ती कट्ट्यावर बसून सावकाश प्याली. आणखी एक मागितला.

मी तोटी बंद केली.

गाडी हलली नाही. तात्या रोज येऊन नळीकडं बघून जायचे. शेवटी गावानं बैठक घेतली — कंटाळून असेल, तहसीलदार येणार अशी कुणकुण लागली म्हणून असेल. आमच्या बायकांनी स्वतःच्या हातांनी विहिरीतून घागर ओढली. आणि त्याच दिवशी नळीतलं पाणी उतरायला लागलं, संध्याकाळपर्यंत तळाला गेलं.

आम्ही विजयाचं पत्रक काढलं. त्यात टाकीवर एक ओळ नाही, लिहिणार काय? म्हणून इथं लिहितोय. मोहननं टाकी उतरवून तपासली, सांधे ठोकून बघितले. काही सापडलं नाही. चिकटवलेली पत्रकं मी माझ्या हातांनी फाडली आणि आत डोकं घातलं. पत्रा कोरडा होता. पण वास येत होता... ओल्या दगडाचा.

पत्र्याच्या टाकीला ओल्या दगडाचा वास कशानं येतो, हे कुणाला ठाऊक असेल तर कळवा. पटलं, तर त्याचंही पत्रक मी स्वतः काढीन.