बाळापूरच्या बागेतलं सूर्यस्नान

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला उंबरा ओलांडणं कठीण झालं. कमरेत, मांड्यांत सारखा ठणका. चालायचे ती बदकासारखी डुलत. आमचं घर जमीनदाराचं, गोषाचं. लग्न होऊन आखाडा बाळापुरात आले तेव्हापासून अंगावर ऊन असं पडलंच नव्हतं.

गावात विलायतेत शिकून आलेले एक डॉक्टर होते. पडद्याआडून त्यांनी चार प्रश्न विचारले आणि सासूबाईंना सांगितलं, "हाडं मऊ पडलीत. दूध द्या, माशाचं तेल द्या. पण खरं औषध ऊन. तेही उघड्या अंगाला."

विलायतेत डॉक्टर एका मंडळात जायचे. तिथं माणसं अंगावर सूतही न ठेवता उन्हात बसत, पोहत, बागकाम करत, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. तसंच मंडळ त्यांनी इथं आपल्या पेरूच्या बागेत काढलं होतं. बांबूच्या तट्ट्यांचा एक आडोसा. सकाळचं कोवळं ऊन पुरुषांचं, बायकांना भर दुपार. बायका म्हणजे तरी कोण? डॉक्टरीणबाई आणि मी. राखणीला सासूबाई.

पहिल्या दिवशी मी लुगडं गच्च धरून बसले. सासूबाई पाठ करून बसल्या होत्या. त्या न वळताच म्हणाल्या, "बसायचं तर नीट बस. अर्धं अंग झाकून अर्धीच हाडं बरी व्हायची का?"

डॉक्टरांना आपलं मंडळ अशा मंडळांच्या देशभरच्या महासंघात घ्यावं असं वाटत होतं. एकट्या मंडळाला लोक चावट म्हणतात, पाठीशी महासंघ असला की तोंडं बंद होतात, असं ते म्हणत. त्यांनी अर्ज केला आणि महासंघानं पाहणीला एक बाई पाठवल्या. पैनगंगेपलीकडच्या, वऱ्हाडातल्या, आयुष्यभर नर्सचं काम केलेल्या, अंगानं थोराड. आल्या त्या डॉक्टरांकडे न जाता आधी आमच्याकडे, आडोशात आल्या.

"दुपारच्या उनात बसता? काहून?"

"सकाळी पुरुष असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अन् दाराची कडी बाहेरून! आत बाई, अन् कडी कोनाच्या हातात?"

मग त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. "बायाइचा आडोसा न्यारा पायजे. कडी आतून. सकाळचं ऊन त्याइले बी. कोनाले जबरदस्ती नाई, फोटो नाई, आतलं बाहेर बोलनं नाई. हे नियम महासंघाचे हायेत, माह्ये नाईत. मानत असान तं तुमचं मंडळ आमचं."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पण माणूस भला. आठवड्याभरात स्वतः उभं राहून त्यांनी दुसरा आडोसा उभारून दिला.

मी हळूहळू सरळ चालू लागले, तेवढ्यात बाजारात कुजबुज सुरू झाली. थोरले दीर जेवताना म्हणाले, "उद्यापासून बाग बंद. लोक हसून राहिलेत." डॉक्टरही कचरले, बायकांची बाजू काही दिवस बंद ठेवू म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी महासंघाला कळवलं, आणि त्या वऱ्हाडी बाई पुन्हा आल्या. या वेळी थेट आमच्या ओसरीवर, सासऱ्यांसमोर.

"मालक, तुमची सून चालते का आता?"

"चालते. बरीच चालते."

"मंग लोकाइच्या हसन्यापायी तिले पुन्हा बसवता का?"

सासरे म्हणाले, "तिकडं पुरुषमाणूस फिरकत न्हाई, ह्याचा भरवसा काय?"

"जिथं जिथं आमचे मंडळ हायेत, तिथं ह्योच नियम. मोडला का मंडळ बाद. म्या सोता बाद केलेत."

इतक्यात दाराआडून सासूबाई बोलल्या. उभ्या जन्मात त्या परक्या माणसादेखत सासऱ्यांपुढं बोलल्या नव्हत्या. "भरवसा मी देते. मी रोज तिथंच असते." जरा थांबून म्हणाल्या, "अन् माझे गुडघे दुखतेत, म्हणून मी बी बसते."

सासरे खोकले आणि पाहुणीसाठी चहा ठेवायला सांगितला. दीर उठून गोठ्याकडे गेले. बाग चालू राहिली.

महासंघ म्हणजे कोण, कुठं बसतो, हे मला आजही धड सांगता यायचं नाही. पण कुठल्या तरी दूरच्या गावी बसून, मला कधी न पाहिलेल्या माणसांनी बायकांनाही सकाळचं ऊन मिळावं असं ठरवलं होतं, आणि ते सांगायला एक बाई नदी ओलांडून दोनदा आली होती. त्यांचे उपकार मी विसरले नाही.

पुढं रझाकारांची धामधूम माजली. बागेत जाणं थांबलं, तट्ट्या कुणी काढून नेल्या. पोलीस ॲक्शनच्या आधी आम्हीही घर बंद करून, निजामाची हद्द सोडून वऱ्हाडाकडे निघालो. पैनगंगेला पाणी मांडीभर होतं. कडेवर धाकटं लेकरू, डोक्यावर गाठोडं, आणि माझा खांदा धरून मागं सासूबाई.

"अगं, सावकाश," त्या पाण्यातून ओरडल्या. "किती पळून राहिलीस!"