आजी कुठल्या शेडमध्ये?

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्सुनामीनंतर आमची फौजेची इंजिनिअर कंपनी निकोबारला होती. काम एकच: घरं वाहून गेलेल्या निकोबारी लोकांसाठी पत्र्याच्या शेड्स उभारणं. मी कॅप्टन होतो. तिथे गावप्रमुखालाही कॅप्टनच म्हणतात. कॅप्टन बर्नबास मला म्हणाले, "साब, हम सब एक घर हैं. अलग मत करो." त्यांच्यात काका, भावंडं, नातवंडं असं सगळं मिळून एक घर. म्हातारी माणसं कुणा एकाची नसतात, सगळ्यांची असतात. मी हसलो. जवानांना फॅमिली क्वार्टर देतात तशी नवरा-बायको-मुलं धरून एकेक शेड वाटून टाकली.

पुढे वादळाचा इशारा आला. गाव टेकडीवर हलवलं. वर पोचल्यावर कळलं, बर्नबासची आई नाही. या शेडला वाटलं ती त्या शेडबरोबर आहे, त्या शेडला वाटलं या शेडबरोबर.

माझ्या कंपनीतला नाईक खोत म्हणाला, "सर, मी आणतो. म्हातारी मला रोज शहाळं देते."

"जा."

शेडवर माड कोसळला. दोघंही गेली.

रेडिओवर आमच्या कमांडिंग ऑफिसरनी विचारलं, "हुआ कैसे? ओव्हर."

"गाँववालों ने ऑर्डर नहीं माना, सर. ओव्हर."

बर्नबास शेजारीच उभे होते.

फौज सोडून मी सिंगापूरला आलो. २०१४ च्या सुमारास चांगी बिझनेस पार्कात, तयार घरं बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. ऑस्ट्रेलियातल्या एका ॲबोरिजिनल वस्तीची ऑर्डर होती. तिथल्या वडीलधाऱ्या आँटी मे नकाशे बघायला आल्या. ओळीने सुटी सुटी घरं.

"आजी कुठे झोपणार?" त्यांनी विचारलं.

माझा ज्युनिअर वेई त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "गेस्ट रूम आहे लाह, आँटी."

"पोरा, घर आजीचं असतं. गेस्ट तुम्ही."

सगळे हसले. मला हसता आलं नाही. "ऑर्डर थांबवा," मी म्हणालो. बॉस भडकला, "आणि डेडलाइन?"

"चुकू दे."

आम्ही त्यांच्या वस्तीत जाऊन राहिलो. नकाशे तिथल्या बायकांनी आखले, जागा त्यांनीच ठरवल्या. आम्ही त्या सांगतील तसं बांधलं. आँटींचा अजून फोन येतो. पोरं आजीजवळ झोपतात, आजीच्या भाषेत भांडतात आणि शाळा चुकवत नाहीत.

खोतच्या घरी मी एवढंच सांगितलं होतं, की तो शूर होता. तो माझ्या चुकीनं गेला, हे सांगितलं नाही. बर्नबासच्या आईचं तर मी नावही कधी विचारलं नव्हतं.

ते नाव विचारायचं आहे. रेडिओवर मी खोटं बोललो, हे दोन्ही घरांत तोंडावर सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.