तासूने हलकं केलेलं चाक

लेथवर काम करणाऱ्याच्या हाताला सदा खाज असते, बरं का. पण गल्लीतल्या तासूची तऱ्हा न्यारीच. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. जे जड दिसेल ते तासायचं, म्हणून तो तासू. एकदा घराचं दार खाली घासतं म्हणून त्याने ते इतकं तासलं, की खालून मांजर ये-जा करू लागलं. बायको म्हणाली, "चला, मांजराला किल्ली द्यायची कटकट मिटली!"

तासूचा थोरला भाऊ टॅक्सी चालवायचा. बाप गेल्यावर त्यानेच तासूला वाढवलं, लेथचं काम शिकायला घातलं. तासूचा दादावर जीव. दादाचं काही भलं करावं ही त्याची आयुष्यभराची हौस, आणि त्या हौसेनेच घात केला.

दादा एकदा बोलता बोलता म्हणाला, "गाडी पेट्रोल फार पिते रे."

झालं! तासूचे डोळे चमकले. "दादा, जे फिरतं ते हलकं हवं. फ्लायव्हील उतरवतो, तासून देतो. बघ कशी पळते!"

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागचं जाडजूड लोखंडी चाक. तासूने गिअरबॉक्स उतरवला, चाक लेथवर चढवलं. न्हाव्याच्या दुकानात केस पडावेत तसा लोखंडाचा कीस जमिनीवर पडू लागला. दादा दारातून ओरडला, "अरे, थोडं चाक शिल्लक ठेव! सगळ्याचाच कीस पाडू नकोस!"

गाडी जोडली. एक्सलरेटरवर पाय ठेवताच इंजिन असं उसळलं, की तासूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रविवारी दादाला शेजारी बसवून तो स्वतः गाडी घेऊन शहराबाहेरच्या सरळ रस्त्याला लागला. कामासाठी डिकीतली स्टेपनी, जुनी बॅटरी, हत्यारांची पेटी काढली होती. ती तशीच दुकानात राहिलेली. शिवाय पाय असा हलका, जणू अंड्यांवरून चालतोय. अ‍ॅव्हरेज वाढणारच होतं, वाढलंच. पण श्रेय मिळालं चाकाला! तासू भर रस्त्यात उतरून नाचला. दादा हसत म्हणाला, "जिंकलास गड्या."

पुढे कधीही विचारलं, "दादा, गाडी?" की उत्तर ठरलेलं, "झकास!"

दादाचा स्टँड मात्र दवाखान्यासमोरच्या चढावर. तिथे रांग मुंगीच्या पावलाने सरके.

वर्षं गेली. दादाचा डावा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी टॅक्सी बंद करायला सांगितली. त्या दिवशी दादाला घरी न्यायला तासू त्याच टॅक्सीत चालकाच्या जागी बसला. चढावर रांगेत गाडी थांबली. तासूने क्लच सोडला, इंजिन बंद. पुन्हा चालू केलं, थरथरलं, पुन्हा बंद. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. एकजण ओरडला, "ओ काका, ढकलायला येऊ का?"

तासूला घाम फुटला. शेजारून दादा अगदी हळू, पाठ असल्यासारखा बोलू लागला, "क्लच अर्धाच सोड. एक्सलरेटर दाब. अजून. हां, असाच धर पाय... धरून ठेव."

गाडी सरकली. तासूचा डावा पाय भरून आला. चढ संपताच त्याने गाडी कडेला घेतली.

"दादा, हे रोज असंच?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि पेट्रोल?"

"आधीपेक्षा जरा जास्तच. चाकाला वजनच नाही, हळू चालवलं की इंजिन दम सोडतं. सारखं पाजत राहावं लागतं."

"मग बोलला का नाहीस?"

दादा काचेतून बाहेर बघत राहिला. "तू त्या दिवशी किती नाचलास रे."

तासूला दादाचा गुडघा दिसत होता, आणि त्या गुडघ्यातून उडालेला लोखंडाचा कीस.

कापलेलं लोखंड काही परत चिकटत नाही. तासूने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले आणि तसल्याच दुसऱ्या गाडीचं जुनं, जड फ्लायव्हील शोधून आणलं. घासलं, पुसलं, पण लेथला लावलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने एखादी वस्तू होती तशी ठेवली. गाडी जोडून तो दादाला घेऊन त्याच चढावर गेला.

इंजिन शांतपणे सुरू राहिलं. थरथर नाही, धाप नाही. दादाने डॅशबोर्डवर हात ठेवला.

"चालवतोस, दादा?"

दादाने डावा पाय जरा उचलून पाहिला. मग दोन्ही हातांनी धरून होता तिथे ठेवला.

"तू चालव रे. मी ऐकतो."